सॉफ्टवेअर बदललं की गाणं भारी होतं?

‘लॉजिकचा साउंड एकदम क्लीन’, ‘प्रोटूल्सचा साउंड फॅट’, ‘एफएल म्हणजे पोराटोरांचं खेळणं’... घरच्या घरी गाणी करणाऱ्यांच्या कट्ट्यावरची ही फेव्हरिट भांडणं. पण क्रेडिट कार्ड बाहेर काढण्याआधी जरा थांबा. हा फरक कानांना ऐकू येतो, की डोळ्यांना?

तुमच्या ऑफिसात असा एक जण नक्की असणार. दिवसभर शहाण्यासारखा एक्सेल शीट भरतो, क्लायंटच्या कॉलवर ‘या या, शुअर’ करतो आणि रात्री अकरानंतर हेडफोन चढवून म्युझिक प्रोड्यूसर होतो. घरी लॅपटॉप, छोटा की-बोर्ड, एक माइक. डोक्यात दहा गाणी, हार्ड डिस्कवर चाळीस अर्धवट. आणि मनात एकच टोचणी... ‘माझं गाणं मोठ्या गाण्यांसारखं का वाजत नाही यार?’

कदाचित तो ‘एक जण’ तुम्हीच असाल.

मग कुणीतरी मित्र ज्ञान देतो, ‘अरे, तू वापरतोस ते सॉफ्टवेअरच फालतू. मी बदललं, काय फरक पडला सांगू!’ झालं. बोनसचा हिशोब सुरू. नवीन सॉफ्टवेअर, त्यासाठी नवीन लॅपटॉप, आणि सगळे शॉर्टकट पुन्हा पाठ करण्यात जाणारे पुढचे सहा महिने. म्हणजे पैसा जातो तो जातोच, वर ज्या काळात चार गाणी पूर्ण झाली असती तो काळही जातो. म्हणूनच हा प्रश्न नुसता गप्पांचा नाही. सॉफ्टवेअर-सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा दर्जा खरंच वेगळा असतो का?

आधी फंडा क्लिअर करू

ज्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं रेकॉर्ड होतं, एडिट होतं आणि मिक्स होतं त्याला म्हणतात डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन. लाडाचं नाव ‘डॉ’. यातलं सगळ्यात दबदब्याचं नाव प्रोटूल्स. १९९१ साली ते आलं तेव्हा ट्रॅक मिळायचे फक्त चार आणि किंमत होती सहा हजार डॉलर! आज त्याच प्रोटूल्सची छोटी आवृत्ती फुकट मिळते. १९९९ मध्ये रिकी मार्टिनचं ‘लिव्हिन ला व्हिदा लोका’ जगभर गाजलं. पूर्णपणे प्रोटूल्सवर रेकॉर्ड आणि मिक्स होऊन अमेरिकेत नंबर वन झालेलं ते पहिलं गाणं मानलं जातं. तिथून टेपचा जमाना ओसरू लागला.

मग रांगच लागली. जर्मनीच्या स्टाइनबर्गचं क्युबेस आधीपासून होतंच. बेल्जियममधून फ्रूटीलूप्स आलं, तेच पुढे एफएल स्टुडिओ झालं. २००१ मध्ये बर्लिनहून एबलटन लाइव्ह आलं. २००२ मध्ये अ‍ॅपलने लॉजिक बनवणारी कंपनीच विकत घेतली. विनॅम्प आठवतं ना? ज्याच्यावर आपण सगळ्यांनी कॉलेजात एमपीथ्री ऐकली? ते लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलनेच पुढे रीपर आणलं, २००६ च्या सुमारास.

इतकी नावं आली की पंथ आलेच. प्रत्येक पंथाचा दावा एकच, आमचा साउंड भारी!

सगळा खेळ बेरजेचा

आता जरा शाळेतलं गणित. घाबरू नका, बेरीज-गुणाकारापुढे जाणार नाही.

कॉम्प्युटरमध्ये शिरलेला आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक यादी. सीडीच्या दर्जाला दर सेकंदाला ४४,१०० आकडे. तुम्ही गायलात त्याची एक यादी, गिटारची दुसरी, तबल्याची तिसरी. मिक्स करायचं म्हणजे काय करायचं? तिन्ही याद्यांतले त्या-त्या क्षणाचे आकडे एकमेकांत मिळवायचे. फेडर खाली केला म्हणजे मिळवण्याआधी आकड्याला लहान संख्येने गुणलं. बास. सॉफ्टवेअरच्या पोटात मिक्सर नावाची जी गोष्ट असते, ती मुळात एवढीच.

जुन्या स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलची गोष्ट वेगळी होती. तिथे खरी वीज खऱ्या तारांतून, ट्रान्सफॉर्मरमधून जायची. प्रत्येक कंपनीचं सर्किट वेगळं, म्हणून प्रत्येक कन्सोलचा आवाज वेगळा. ‘या डेस्कचा आवाज उबदार आहे’ या म्हणण्याला तिथे अर्थ होता. तीच भाषा आपण उचलली आणि सॉफ्टवेअरला चिकटवली. पण दोन अधिक दोन बर्लिनमध्येही चार आणि कॅलिफोर्नियातही चारच!

‘पण राउंडिंग एरर?’ असं एखादा इंजिनीअर मित्र नक्की विचारेल. बरोबर आहे. कॉम्प्युटर आकडा कुठेतरी तोडतोच. आजची सॉफ्टवेअरं ३२ किंवा ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये हिशोब करतात. त्यातल्या ३२ बिटमध्येही अचूकता २४ बिटची असते, म्हणजे साधारण एक कोटी ६७ लाखांत एक. मुंबईकरांच्या भाषेत सांगायचं तर एक कोटी ६७ लाखांच्या फ्लॅटच्या व्यवहारात एक रुपया इकडचा तिकडे. हा एक रुपया तुम्हाला ऐकू येणार? तुमच्या बेडरूममधला पंखा त्यापेक्षा लाखभर पटीने मोठा वाजतोय. ६४ बिटमध्ये तर तो रुपयाही उरत नाही.

हातच्या कांकणाला आरसा कशाला?

यातलं काहीच माझ्यावर विश्वास ठेवून मानायची गरज नाही, कारण याची परीक्षा घरी करता येते. तिला म्हणतात नल टेस्ट.

कल्पना सोपी आहे. एखाद्या फाइलमधला प्रत्येक आकडा उलटा केला, म्हणजे अधिकचा उणे आणि उण्याचा अधिक, आणि मग ती मूळ फाइलमध्ये मिळवली, तर उत्तर शून्य येतं. शून्य म्हणजे शांतता. आता त्याच गाण्याचे तेच ट्रॅक दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. इफेक्ट काही लावू नका, फेडर हलवू नका. दोन्हींतून फाइल काढा. एक उलटी करून दुसरीवर ठेवा आणि प्ले दाबा.

दोन सॉफ्टवेअरचा ‘साउंड’ खरंच वेगळा असेल तर काहीतरी उरायला हवं. तो फॅटनेस, तो वॉर्म्थ, ती हवा, जे काय असेल ते. सेटिंग्ज नीट जुळवली असतील तर उरते ती शांतता. फार तर मीटरच्या तळाशी, कुठल्याही स्पीकरमधून बाहेर न पडू शकणारी कसलीशी कुजबुज. वर्षानुवर्षं जगभरच्या इंजिनीअर मंडळींनी हे पुन्हा पुन्हा करून पाहिलंय. निकाल तोच.

म्हणजे विषय संपला? नाही बॉस. खरी गंमत इथून पुढे सुरू होते.

मग मला फरक ऐकू आला, तो काय होता?

तुमचा मित्र खोटं बोलत नाहीये. त्याने सॉफ्टवेअर बदललं आणि गाणं खरंच वेगळं वाजलं असणार. फक्त कारण वेगळं आहे. ते ‘इंजिन’मध्ये नाही, बॉक्समधून काढल्या-काढल्या कंपनीने लावून दिलेल्या सेटिंग्जमध्ये आहे. चार नेहमीचे संशयित बघू.

संशयित पहिला : पॅन लॉ. एक गायक बरोबर मध्यभागी ठेवला की तो दोन्ही स्पीकरमधून वाजतो, आणि एका कडेला ठेवला की एकाच स्पीकरमधून. त्यामुळे मधला आवाज मोठा वाटतो. हे सांभाळायला सॉफ्टवेअर मधल्या आवाजाला थोडं दाबतं, किंवा कडेच्या आवाजाला थोडं उचलतं. पण किती? इथे प्रत्येकाचा नियम वेगळा! क्युबेस आल्या-आल्या मधला आवाज ३ डेसिबलने खाली ठेवतं. एबलटन लाइव्ह मधला तसाच ठेवून टोकाचा आवाज ३ डेसिबलने वर नेतं. रीपर मूळ सेटिंगमध्ये काहीच करत नाही. आता तुमच्या गाण्यात गायक मध्ये आणि दोन गिटार दोन टोकांना असतील, तर रीपरमधल्यापेक्षा लाइव्हमध्ये गिटार ३ डेसिबलने मोठ्या वाजणार. ३ डेसिबल म्हणजे स्पीकरला जाणारी ताकद जवळजवळ दुप्पट. गाणं ‘रुंद’ वाटणारच की! पण ते सॉफ्टवेअरचं कौतुक नाही, ती फक्त बॅलन्समधली अदलाबदल. रीपर आणि क्युबेसमध्ये तर ही सेटिंग बदलताही येते.

संशयित दुसरा : मास्टरवर लपून बसलेला लिमिटर. एफएल स्टुडिओवर कित्येक वर्षं नवीन प्रोजेक्ट उघडला की मास्टर चॅनलवर एक लिमिटर आधीच बसलेला असायचा. लिमिटर म्हणजे आवाजाची शिखरं दाबून सगळंच घट्ट करणारा इफेक्ट. नवशिक्या पोराने एक किक ड्रम टाकला की तो दणकन वाजायचा. ‘एफएलचा साउंड पंची आहे’ ही ख्याती उगाच नाही पसरली! तोच ड्रम दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कोऱ्या प्रोजेक्टमध्ये टाकला की बिचारा मिळमिळीत वाटतो. लिमिटर काढा, दोन्ही सारखे.

संशयित तिसरा : वार्प. एबलटन लाइव्हमध्ये एखादं लांब गाणं ओढून टाकलं की ते आपोआप त्याचा ठेका ओळखून प्रोजेक्टच्या टेम्पोला बसवू शकतं. डीजे लोकांना ही सोय म्हणजे पर्वणी. पण टेम्पो बदलून सूर तोच ठेवायचा म्हणजे आवाजाचे तुकडे करून ते पुन्हा शिवावे लागतात, आणि शिवण थोडीफार दिसतेच. लाइव्हच्या ‘कॉम्प्लेक्स’ मोडमध्ये तर टेम्पो अजिबात बदलला नसेल तरी आवाजावर प्रक्रिया होते. हे कंपनी लपवत नाही. कुठल्या गोष्टीने आवाज बदलतो आणि कुठल्या गोष्टीने नाही याची यादीच त्यांनी आपल्या मॅन्युअलमध्ये दिलीय. पण मॅन्युअल वाचतो कोण? ‘एबलटनचा साउंड पातळ’ या अफवेमागे असे न बंद केलेले वार्पचे बटण बरेच असणार.

संशयित चौथा : सॅम्पल रेट आणि एक्स्पोर्ट. मोबाइलवर किंवा व्हिडिओ कॅमेऱ्यावर रेकॉर्ड केलेला आवाज बहुतेक वेळा ४८ किलोहर्ट्झ असतो, सीडीचा ४४.१. एकातून दुसऱ्यात बदलताना सॉफ्टवेअरला मधले आकडे नव्याने काढावे लागतात. इथे मात्र सगळे सारखे हुशार नाहीत. काहींच्या जुन्या आवृत्त्यांत या बदलात वरच्या पट्टीत नको ते सूर घुसायचे. लाइव्हने आवृत्ती ९.१ पासून यासाठी सॉक्स नावाची चांगली पद्धत वापरायला घेतली. म्हणजे हा फरक खरा होता, मोजता येण्यासारखा. त्यात भर म्हणजे ‘नॉर्मलाइझ’ची खूण. लॉजिकमध्ये असो की लाइव्हमध्ये, एक्स्पोर्ट करताना ती चालू राहिली तर फाइलचा आवाज वर-खाली होतो आणि तुलनेचे तीन-तेरा वाजतात.

धुराला आग होती

जुनी-जाणती मंडळी अजूनही ‘प्रोटूल्स वेगळं वाजतं’ म्हणतात, त्यांना हसू नका. एके काळी ते खरं होतं.

जुन्या प्रोटूल्सच्या महागड्या सिस्टिममध्ये हिशोब कॉम्प्युटर करत नसे, तर वेगळ्या कार्डांवरच्या चिप्स करत. तो फिक्स्ड पॉइंटचा हिशोब. मिक्सरच्या आत जागा ऐसपैस, ४८ बिट. पण एका प्लग-इनमधून दुसऱ्यात जाताना आवाजाला २४ बिटच्या दारातूनच जावं लागे. त्या दाराची उंची ठरलेली. सिग्नल जास्त मोठा झाला की डोकं आपटलंच, म्हणजे आवाज फाटला. त्याच वेळी दुसरी सॉफ्टवेअरं फ्लोटिंग पॉइंटमध्ये चालत, तिथे दाराला चौकटच नव्हती. मधल्या टप्प्यावर मीटर लाल झालं तरी शेवटी फेडर खाली घेतला की सगळं सुखरूप.

त्यामुळे निष्काळजीपणे काम करणाऱ्याला दोन्हींत फरक ऐकू यायचा. शिस्तीत काम करणाऱ्याला तेव्हाही फारसा नाही. २०११ मध्ये प्रोटूल्सची नवी एचडीएक्स कार्डं आली तीच फ्लोटिंग पॉइंटवर, आणि २०१३ मध्ये प्रोटूल्स ११ ने ६४ बिटचं इंजिन आणलं. वादाचं कारण तिथे संपलं, वाद मात्र चालूच राहिला. आपल्याकडे काय, जहागिरी गेली तरी रुबाब राहतोच!

आणखी एक अपवाद सांगायलाच हवा. काही सॉफ्टवेअरं मुद्दाम वेगळी वाजण्यासाठीच बनवली आहेत. हॅरिसन ही मोठमोठे कन्सोल बनवणारी कंपनी. त्यांचं मिक्सबस २००९ मध्ये आलं ते कन्सोलचा रंग आत घेऊनच. रीझनच्या मिक्सरमध्येही एसएसएलच्या नामांकित कन्सोलची नक्कल बसवलीय. तिथे फरक ऐकू आला तर तो भ्रम नाही, त्याचेच तर पैसे घेतलेत! फक्त तो रंग पाच-पन्नास प्लग-इनमधून कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये लावता येतो, एवढं लक्षात ठेवा.

कान, डोळे आणि पाकीट

समजा सगळी सेटिंग्ज जुळवली. तरीही तुम्ही शपथेवर सांगताय की नवीन सॉफ्टवेअरमध्ये गाणं जास्त खुलतं. आता?

आता गोष्ट कॉम्प्युटरच्या बाहेर, तुमच्या दोन कानांच्या मध्ये आली.

पहिली गोष्ट, मोठा आवाज आपल्याला चांगला आवाज वाटतो. आवाज वाढला की खालचे आणि वरचे सूर जास्त भरून आलेले वाटतात. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी याचे आलेख १९३३ मध्येच काढून ठेवलेत. फरक इतका लहान असू शकतो की ‘हे मोठं वाजतंय’ असं तुम्हाला जाणवत नाही, ‘हे मस्त वाजतंय’ असं मात्र जाणवतं.

दुसरी गोष्ट, आपण डोळ्यांनीही ऐकतो. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोघांनी एक धमाल प्रयोग केला. पडद्यावरच्या बाईचे ओठ ‘गा’ म्हणतायत आणि स्पीकरमधून येतंय ‘बा’. बघणाऱ्या बहुतेकांना ऐकू आलं ‘दा’! डोळे मिटले की परत ‘बा’. ओठांच्या हालचालीने एवढं होतं, तर काळ्याभोर चकचकीत स्क्रीनवर नाचणाऱ्या मीटरने काय होत असेल?

तिसरी गोष्ट, किंमत आणि नाव. स्ट्रॅडिव्हेरियस ही तीनशे वर्षांपूर्वीची व्हायोलिन. किंमत कोटींच्या घरात. क्लॉडिया फ्रिट्झ या संशोधक बाईंनी २१ वादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर गॉगल चढवून जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. घरी कुठलं न्याल, असं विचारल्यावर बहुतेकांनी नवं निवडलं, आणि हातातलं वाद्य जुनं की नवं हे त्यांना भरवशाने ओळखता आलं नाही. हे सगळे अनुभवी वादक, बरं का!

ऑडिओच्या दुनियेत सर्वात गाजलेली परीक्षा २००७ मधली. मायर आणि मोरान या दोघांनी लोकांना उच्च दर्जाची रेकॉर्डिंग्ज ऐकवली आणि मध्येच गुपचूप तोच आवाज सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवला. ओळखा पाहू! ५५४ प्रयत्नांपैकी बरोबर उत्तरं आली २७६. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी हाच निकाल लागला असता.

नाण्याची दुसरी बाजूही सांगतो. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले, साडेबारा हजारांहून जास्त प्रयत्न. त्यात लोकांना किंचित फरक ओळखता येतो असं दिसलं, आणि आधी कान तयार केलेल्यांचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे कान घडवता येतात, ही चांगली बातमी. पण हा फरक रेकॉर्डिंगच्या दर्जाचा. नल टेस्टमध्ये शून्य उरणाऱ्या दोन फाइल्समध्ये ओळखायलाच काही नसतं, मग कान तानसेनाचे का असेनात!

हिट कशावर झाली?

२००७ मध्ये रिहानाचं ‘अम्ब्रेला’ घराघरात वाजत होतं. त्यातला तो ओळखीचा ड्रमचा ठेका? मॅकबरोबर फुकट येणाऱ्या गॅरेजबँडमधला तयार लूप. त्याच वर्षी सोल्जा बॉय नावाच्या टीनएजरने ‘क्रँक दॅट’ केलं, तेही ‘खेळणं’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या एफएल स्टुडिओवर. गाणं अमेरिकेत नंबर वन.

बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम तिने आणि तिचा भाऊ फिनियस याने लॉस एंजेलिसमधल्या घरच्या बेडरूममध्ये लॉजिकवर केला. पुढच्या वर्षी ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर! आणि आपल्या कुर्ल्याचा नेझी? २०१४ चं त्याचं ‘आफत’ आयपॅडवर झालं. पुढे ‘गली बॉय’ सिनेमाला ज्यांच्यावरून प्रेरणा मिळाली त्यातला तो एक.

दुसऱ्या टोकाला बघा. ‘सैराट’ची गाणी. अजय-अतुल त्यातल्या वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग करायला थेट हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले. पैसा कशावर खर्च झाला? वादकांवर, त्या भव्य हॉलवर, माइकवर आणि ते माइक कुठे लावायचे हे जाणणाऱ्या माणसांवर. तोच वाद्यवृंद दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केला असता तरी ‘झिंगाट’वर लोक तसेच नाचले असते.

मग बोनस कुठे उडवायचा?

सॉफ्टवेअर निवडायचंच असेल तर कानाने नका निवडू, हाताने निवडा. स्टेजवर लाइव्ह वाजवायचंय, लूप उडवायचेत? एबलटन. बीट्स करायच्यात? एफएल, आणि एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट. मॅक आहे आणि गाणी लिहायचीत? लॉजिक. पण ते विंडोजवर चालत नाही, हे आधी बघा. सिनेमा, डबिंग, मोठे स्टुडिओ यांच्यात काम करायचंय? प्रोटूल्स शिका, कारण तिथे तीच बोलीभाषा आहे. खिसा हलका आणि टेक्निकल डोकं जड? रीपर, ६० दिवस मोफत वापरून बघा. ज्यात तुमची कल्पना सगळ्यात कमी क्लिकमध्ये बाहेर येते ते तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं वाजतं. त्यातले फुकटचे इक्यू, सिंथ, तयार आवाज वेगळे असतात आणि त्याने तुमच्या गाण्याचा चेहराही बदलतो. तो फरक खरा, पण तो चवीचा. दर्जाचा नाही.

आणि उरलेले पैसे? पहिला नंबर खोलीचा. चार उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत जगातला कुठलाही माइक बाथरूमसारखाच ऐकू येणार. जाड पडदे लावा, गादी उभी करा, आजीच्या गोधड्या बाहेर काढा. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडून त्यात तोंड घालून गाणं हा फुकटातला बरा व्होकल बूथ आहे. दुसरा नंबर हेडफोन किंवा स्पीकरचा. जे ऐकूच येत नाही ते दुरुस्त कसं करणार? तिसरा नंबर माइकचा, आणि तो तोंडापासून किती अंतरावर ठेवायचा हे शिकण्याचा. चौथा, रोज अर्धा तास कान लावून दुसऱ्यांची गाणी ऐकण्याचा. याला तर पैसेही लागत नाहीत.

रविवारी करून बघा

१. तुमच्या गाण्याच्या स्टिरिओ वेव्ह फाइल्स घ्या, म्हणजे पॅन लॉ मध्ये येणार नाही. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टचा सॅम्पल रेट फाइल्सइतकाच ठेवा.

२. वार्प बंद, मास्टरवरचे इफेक्ट बंद, सगळे फेडर शून्यावर.

३. २४ बिट वेव्ह एक्स्पोर्ट करा. नॉर्मलाइझ बंद, डिदर बंद.

४. दोन्ही फाइल्स एका प्रोजेक्टमध्ये अगदी एकाच बिंदूवर लावा. एकीचं फेज किंवा पोलॅरिटीचं बटण दाबून ती उलटी करा. प्ले. काही उरलं तर आधी वरचे चार संशयित तपासा.

५. तरी समाधान नाही? एका मित्राला चहा पाजून बसवा. दोन्ही फाइल्सचा आवाज अगदी समान करा. तुम्ही स्क्रीनकडे पाठ करून बसा, त्याने १६ वेळा मनाला येईल ती फाइल वाजवायची, तुम्ही ओळखायची. १२ किंवा जास्त बरोबर आली तर तुम्ही म्हणता त्यात काहीतरी तथ्य आहे, कारण नुसत्या अंदाजाने तेवढी बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारपेक्षाही कमी. आठ-नऊ आली तर तुमचं सॉफ्टवेअर निर्दोष सुटलं असं समजा.

यात एक छोटी वाईट बातमीही आहे. सॉफ्टवेअर निर्दोष सुटलं म्हणजे ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणायची सोय गेली. गाणं मिळमिळीत वाजत असेल तर ते आता आपल्यालाच नीट करावं लागणार... चाल, गायकी, माइकची जागा, फेडरची जागा. पण जरा उलट बाजूने बघा ना. याचाच अर्थ असा की हिट गाणी ज्या मिक्सरमधून बाहेर पडतात, त्याच तोलामोलाचा मिक्सर तुमच्या लॅपटॉपमध्ये आत्ता या क्षणी बसलेला आहे. हार्ड डिस्कवर ती चाळीस अर्धवट गाणी आहेत ना? त्यातलं एक निवडा आणि या महिन्यात पूर्ण करा.